जपान कॅन्सल झालं त्याची हकिकत

नोव्हाय, मिशिगन
१४ मे १९८५

आदरणीय दादारावकाका,

तुम्हाला आणि गिरजाकाकूंना सुमित्राचा सविनय जयभीम. तुमचा गुडघा काय म्हणतो? काकूंची साखर किती आहे, आणि ती तपासून आलेली आहे की काकूंनी स्वतःच ठरवलेली? (मी नर्स आहे हे त्या विसरतात, मी विसरत नाही.) आम्ही तिघं बरे आहोत. ईश्वर कारखान्यात मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्यांवर काम करतात, म्हणून आमच्या कपाटाचं दार सहा महिने लोंबकळतं आहे. रुपालीला तेरावं लागलं. ती इंग्रजीत बोलते, मी मराठीत उत्तर देते, आणि समोरची ऐकत नाही असं दोघींनाही वाटतं.

डिसेंबरात कामठीला आले होते तेव्हा तुमच्या ओट्यावर बसून मी विचारलं होतं, बाबा युद्धात ब्रह्मदेशात नेमके कसे वारले. एकाच लॉरीवर तुम्ही दोघं होतात, म्हणून तुम्हालाच विचारलं. तुम्ही यंदाच्या संत्र्यांवर बोलायला लागलात. संत्री खरंच चांगली होती, म्हणून मीही गप्प बसले. आज मी त्याबद्दल लिहायला बसलेले नाही. आज एवढंच कळवायचं आहे की गेल्या शनिवारी आमच्या गावात दुसरं महायुद्ध झालं, तासाभरात आटोपलं, आणि ते आटोपण्यात तुमच्या त्र्यंबकच्या मुलीचा हात होता. (हातात झारा होता.)

झालं असं की इथल्या मराठी मंडळाचा महाराष्ट्र दिन होता. (आडनाव ऐकल्यावर अर्धं मिनिट थांबायची सवय इथेही विमानातून आलेली आहे. पण पुऱ्या तळायला माणूस कमी पडलं की ते अर्धं मिनिट कुठल्या कुठे जातं.) युरोपातलं युद्ध संपून चाळीस वर्षं झाली, टीव्हीवर सगळीकडे तेच चालू होतं, म्हणून मंडळाचे सेक्रेटरी उल्हास पेंडसे यांनी ठरवलं की यंदा मुलांनी नाच न करता महायुद्ध करायचं. सुरुवात, मध्य आणि शेवट. मुलांना मराठीही येईल आणि इतिहासही. माणूस उत्साही आहे, आणि उत्साही माणसाला नाही म्हणायला आमच्या मंडळात कोणाला वेळ नसतो.

मंडळात काम वाटायचं तर एक कागद फिरतो. कोण दहीभात आणणार, कोण कागदी बशा. पेंडशांनी त्याच कागदाच्या मागच्या बाजूला देश लिहिले. जो मीटिंगला नसतो त्याच्या नावावर उरलेलं काम पडतं, हा आमचा न लिहिलेला नियम. त्या रविवारी माझी हॉस्पिटलमध्ये ड्यूटी होती. कागद घरी आला तेव्हा पुढच्या बाजूला मला दोनशे पुऱ्या आल्या होत्या आणि मागच्या बाजूला रुपालीला जर्मनी. अमेरिका मात्र सगळ्यांनाच हवी होती, त्यामुळे सहा अमेरिका झाल्या. अमेरिका उशिरा येते असं पुस्तकात असल्यामुळे त्या सहांना मागच्या खोलीत बसवलं. त्याच खोलीत चिवडा ठेवलेला होता.

युद्ध पाच वाजता सुरू व्हायचं होतं, पण ते पावणेसहाला सुरू झालं, कारण इंग्लंडच्या आजीला आणायला गेलेली गाडी चुकली. रुपालीने ईश्वरचा राखी रेनकोट घातला होता आणि डोक्यावर माझी पीठ चाळायची चाळणी. तिने पोलंडवर स्वारी केली. पोलंड सात वर्षांची होती आणि तिच्या आईने, उत्तराने, तिच्याकडून दीड पान पाठ करून घेतलं होतं. पोलंड पडेचना. रुपाली बिचारी तलवार धरून उभी, पोलंड बोलतेच आहे. पेंडसे पडद्याआडून म्हणाले, "अगं, पड आता." उत्तरा पहिल्या रांगेतून म्हणाली, "तिचं पूर्ण होऊ दे, मग पडेल." इतकं टिकलेलं पोलंड, काका, तुमच्या काळात कोणी पाहिलं नसेल. फ्रान्स म्हणजे दोन जुळ्या बहिणी होत्या, त्या आपसातच भांडल्या. रशियाने थंडीचा अभिनय उत्तम केला (मिशिगनच्या मुलाला तो शिकवावा लागत नाही). मग सहा अमेरिका आल्या, पण सगळ्यांच्या तोंडात चिवडा होता, त्यामुळे त्यांनी एक शब्दही न बोलता युरोप मुक्त केला.

एवढ्यात साडेसहा झाले. हॉल शाळेचा, साडेसातला रिकामा करून द्यायचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत पुऱ्या तळत होते. पेंडशांची वीणा बाहेर जाऊन नवऱ्याला सांगून आली की पुऱ्या थंड होताहेत. तेव्हा पेंडशांनी माइकवर जाहीर केलं की वेळेअभावी जपान कॅन्सल केलं आहे, जर्मनीने शरण यावं आणि सर्वांनी जेवायला चलावं. जपान म्हणजे गिरीश नावाचा मुलगा, तो केव्हाच जेवणाच्या लाइनीत उभा होता.

आणि जर्मनी शरण येईना.

"आय ॲम नॉट सरेंडरिंग," रुपाली म्हणाली. (एवढं तुमच्या लष्करी इंग्रजीला पुरेल.) आधी सगळे हसले. मग ती माइकजवळ आली आणि तिच्या त्या तुटक्या मराठीत म्हणाली, "इंडिया कुठे आहे? लिस्टवर इंडिया नाही. माझे आजोबा होते वॉरमध्ये." काका, कढईतली पुरी तशीच राहिली. बाबांचं नाव घरात मी फारसं काढत नाही. एकदा तिने फोटो पाहून विचारलं होतं तेव्हा एवढंच सांगितलं होतं की लॉरी चालवायचे, युद्धातून परत आले नाहीत. मला वाटलं, ऐकलंच नाही तिने.

पेंडसे वाईट माणूस नाही. गोंधळला. त्याने पुस्तकातून देश उतरवले होते आणि पुस्तकात आपण नव्हतो. तो घाईने म्हणाला, "सुमित्राताई, दोन मिनिटं भारत व्हा ना. पुऱ्या वीणा बघेल." मी झारा घेऊन तशीच स्टेजवर गेले. पोटावर ॲप्रन, कपाळावर पीठ. भारत असाच दिसत असावा. मी म्हणाले, माझे बाबा ब्रह्मदेशात लॉरी चालवत होते. पेंडसे हळूच म्हणाला, "ब्रह्मदेश म्हणजे जपानकडे आलं हो. आणि जपान तर कॅन्सल केलंय." हॉल हसला. मीही हसले. बेचाळीस वर्षांची झाले, आणि बाबांच्या वाट्याचं युद्ध माझ्या डोळ्यांदेखत पुऱ्यांसाठी रद्द झालं. आणि पुऱ्या माझ्याच.

रुपाली हसली नाही. तिने विचारलं, "मग आजोबांचं काय झालं?"

माइक चालूच होता. पावणेदोनशे माणसं ऐकत होती. मला रडू आलं नाही, काका. रोज वॉर्डात मी लोकांना त्यांच्या माणसांबद्दल सांगते, किती वाजता, कसं, शेवटी काय म्हणाले, आणि माझ्या स्वतःच्या माणसाबद्दल मला एक ओळ येत नव्हती. मी झारा धरून उभी राहिले. स्वयंपाकघरातून पुरी जळल्याचा वास आला आणि कोणी उठलं नाही.

मग रुपालीने डोक्यावरची चाळणी काढली आणि माझ्या हातात दिली. अशा रीतीने सहा वाजून चाळीस मिनिटांनी जर्मनी भारताला शरण आली. इतिहासात असं नाही हे मला माहीत आहे, पण पेंडशांनी त्यावर टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. त्यानंतर जेवणाची लाइन डावीकडून सुरू करण्यात आली.

काकूंना सांगा, गोळ्या वेळेवर घ्या. कुमार आणि सूनबाईंना आशीर्वाद.

तुमची
सुमित्रा

ता. क. : वर मी लिहिलं की आज त्याबद्दल लिहायला बसलेले नाही. ते खोटं आहे. त्याबद्दलच बसले होते, वाटेत महायुद्ध लागलं.

ता. क. दुसरा : आईला तुम्ही सांगितलं होतंत की ताप आला आणि त्र्यंबक झोपेत गेला. आईने त्या झोपेवर सगळं आयुष्य काढलं, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. पण आई आता नाही. आणि मी अठरा वर्षं माणसं जाताना पाहते आहे. इतकं नीटनेटकं कोणी जात नाही, काका. तुम्हाला वाटत असेल की पोर घाबरेल. ही पोर आता तिच्या बापापेक्षा सोळा वर्षांनी मोठी आहे.

ता. क. तिसरा : रुपालीला मराठी वाचता येत नाही, पण ऐकलेली सगळी कळते (शनिवारी खात्री झाली). म्हणून पाकिटात कोरी कॅसेट ठेवली आहे. कुमारला सांगा, मशीन लावून देऊन बाहेर जा. मुद्द्याचं सांगायलाच पाहिजे असं नाही. लॉरीचं सांगा, रस्त्याचं सांगा, बाबा गाडी नीट चालवायचे का ते सांगा. मग जमलं तर पुढचं. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं आहेत. मध्येच बोलवेनासं झालं तर बटण दाबू नका, टेप तशीच चालू राहू द्या. आम्ही दोघी इथे ऐकत बसलेल्या असू.