लेकराची मूठ

कारधा
मंगळवार

प्रिय बायामावशी,

तुला सलाम. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे, कारण तू बोट ठेवून वाचतेस आणि बारीक अक्षर आलं की लिहिणाऱ्याला शिव्या घालतेस. धनराज आज इकडे आला आहे, पत्र त्याच्या हातून पाठवते. त्याला बजावलं आहे, फोडू नको आणि वाचूनही दाखवू नको, मावशी स्वतः वाचेल. तुझा शेजारी असला तरी त्याच्या पोटात काही राहत नाही, हे तूच मला सांगितलंस. तेव्हा चष्मा घाल, दार लोटून घे आणि एकटीच वाच.

पाय कसा आहे? प्लास्टर निघालं म्हणून लगेच तलावावर जाऊ नको गं. मासोळ्या कुठे पळून जात नाहीत. तुझं ऐकणारं कोणी नाही आणि तू कोणाचं ऐकणारी नाहीस, म्हणून लिहून ठेवते.

रविवारी तुमच्या एकोडीच्या मंडळीत आमच्या पाठवणीची उपासना आहे. तिकिटं निघाली. अठ्ठावीस तारखेला नागपूरहून मुंबई, तिथून पुढे मादागास्कर, मिशनच्या कामाला. दोन वर्षं ज्यासाठी गावोगाव चपला झिजवल्या ते आता हाताशी आलं आहे. पण रविवारी तुझ्यासमोर उभं राहायच्या आधी मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती वाचून तू जाऊ नका म्हणालीस, तर आम्ही जाणार नाही. हे मी लाडात येऊन लिहीत नाही, जीवनलाही तसं सांगून बसले आहे. तो उठला. अंगणात जाऊन सायकल पुसत बसला, आणि ती सायकल गेल्या वर्षभरात कोणी चालवलेली नाही.

आम्ही पहिल्यांदा एकोडीला आलो तो दिवस तुला आठवतो ना? जीवनने चर्चच्या भिंतीवर तिकडचे फोटो दाखवले. धानाचे बांध, चिखलात रोवणी करणाऱ्या बाया, सगळं आपल्यासारखंच. तो अर्धा तास तळमळीनं बोलला, मी साक्ष दिली, आणि शेवटी पाळकांनी काही विचारायचं आहे का म्हटलं तर तू उठून विचारलंस, तिथं भात दोन टाइम भेटते का? सगळं चर्च हसलं. जीवनने सांगितलं, तीन टाइम खातात, तर तू म्हणालीस, मंग जा बाप्पा, काही हरकत नाही. त्या दिवसापासून मला तू आवडलीस.

तेव्हा आमची टीना पाच वर्षांची होती. आमची प्रार्थना-कार्डं नुकतीच छापून आली होती, एक हजार, आम्हा तिघांच्या फोटोची. लोकांनी बायबलमध्ये ठेवावं आणि रोज आमच्यासाठी प्रार्थना करावी म्हणून. फोटोत टीनाचा पुढचा दात नाही. मी म्हटलं होतं, दात आल्यावर काढू. जीवन म्हणाला, दात येईपर्यंत कोण थांबते? कार्ड वाटायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं होतं. प्रत्येकाच्या हातात देऊन आपल्या चेहऱ्यावर बोट ठेवायची आणि सांगायची, हे मी. तुला तर तिनं दोन दिली, एक घरी आणि एक चर्चमध्ये ठेवायला.

आपल्या बाया सांजसकाळ भात टाकताना मिशनसाठी एक मूठ तांदूळ बाजूला काढतात, ते मी लहानपणापासून पाहत आले. पण तू कार्डावरच्या तीन चेहऱ्यांच्या तीन मुठी काढायला लागलीस. जीवनची भरलेली, माझी त्याहून कमी, आणि टीनाची चार बोटांत मावेल तेवढी. लेकराले एवढे पुरते, म्हणालीस. टीनानं ते ऐकलं आणि भांडली की मलाही बाबाएवढी पाहिजे. मग तू तिची मूठ थोडी वाढवलीस. घरी येऊन तिनं ही गोष्ट आजीला दहा वेळा सांगितली.

टीनाला सिकल होतं, मावशी, रक्ताचं ते दुखणं. हे आम्ही कुठल्याच मंडळीत सांगितलं नाही. इकडे घरोघर सिकल आहे, त्यात लपवण्यासारखं काय होतं कोण जाणे. आजारी लेकरू घेऊन परदेशी कशाला जाता, असं कोणी म्हणेल ही भीती. डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. पाणी भरपूर पाजा, आणि हातपाय दुखले की वाट पाहू नका, घेऊन या. म्हणून तिच्या गळ्यात सदा निळी वॉटरबॅग असायची. दौरे लांबचे असले की आम्ही तिला इथे कारध्याला माझ्या सासूबाईंकडे, तुळसाआजीकडे ठेवत होतो. कुठेही गेलो की लोक आधी विचारायचे, कार्डावरची छोटी कुठे आहे? आणि जीवन सांगायचा, आजीकडे आहे. वर्षभर हेच एक वाक्य. खरंही होतं ते.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी आम्हाला ओडिशात जायचं होतं. डोंगरातली एक मोठी मंडळी आमच्या खर्चाचा राहिलेला भार उचलायला तयार होती, फक्त एकदा येऊन भेटा म्हणाली होती. निघायच्या सकाळी टीना अंथरुणातूनच म्हणाली, आई, पाय दुखून राहिला. मी कपाळाला हात लावला. ताप नव्हता. गोळी दिली, सासूबाईंना गोळ्यांची पट्टी दाखवली, पाणी पाजत राहा म्हटलं. जीवननं मला एकदाच विचारलं, थांबायचं का? आणि मी म्हटलं, गाडी चुकेल. मावशी, हे मी म्हटलं. जीवननं नाही.

तिकडे डोंगरात फोन लागत नव्हता. आम्ही तिथे पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी टीनाला ताप भरला. माझे सासरे, मंगरूमामाजी, तिला ऑटोत घालून पूल ओलांडून भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेत होते, तर ती पुलावरच गेली. आम्हाला निरोप मिळाला तो त्याच्या पुढच्या दिवशी, एक माणूस सायकलवर येऊन सांगून गेला. त्या वेळी जीवन साक्ष देत उभा होता. आम्ही घरी पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. तोवर झालं होतं सगळं. घरात लेकरू किती वेळ ठेवणार? मामाजींच्या घरचे बौद्ध. जीवन एकटाच कॉलेजात असताना ख्रिस्ती झाला, त्याच्या मागून मी. त्यांनी एक दिवस, एक रात्र आमची वाट पाहिली आणि मग नदीच्या वरच्या अंगाला तिला माती दिली. पाळक नव्हता, आपली प्रार्थना नव्हती. मामाजींना त्रिसरण, पंचशील येत होतं, ते त्यांनी म्हटलं. आणि निळी वॉटरबॅग भरून तिच्याजवळ ठेवली, कारण तिला पाणी लागते, याची त्यांना आठवण होती.

जीवन बापावर ओरडला, काहून थांबले नाही? मामाजी खाली मान घालून म्हणाले, तू थांबला का रे? तेव्हापासून बापलेक एका ताटाला बसलेले नाहीत. आणि मला आजही वाटतं की मामाजींनी त्या दिवशी जे केलं ते आमच्या हातून झालं नसतं.

मंडळ्यांना कळवायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. पाय दुखत असताना गेलात? सिकल होतं आणि सांगितलं नाही? आम्ही म्हटलं, आठ दिवसांनी सांगू. आठाचे वीस झाले. तुमच्याकडची तारीख आधीपासून ठरलेली होती. मी म्हटलं रद्द कर. जीवन म्हणाला, नाही, एकोडीलाच आधी सांगू, बायाबाईला सांगू, बाकीच्यांचं मग सोपं जाईल. मावशी, आम्ही त्या दिवशी तुला सांगायलाच आलो होतो गं. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. आणि तू दारातच उभी, हातात उकडलेल्या शिंगाड्यांची पिशवी. माही पोरगी कुठी आहे, म्हणालीस. आणि जीवनच्या तोंडून निघालं, आजीकडे आहे.

त्यानं ते ठरवून म्हटलं नाही. वर्षभराची सवय बोलली. म्हटल्यावर त्याचा चेहरा पांढरा पडला ते मी पाहिलं. तेव्हाच्या तेव्हा मी खरं सांगू शकले असते. मी काय केलं? वरून भर घातली. थंडीचे दिवस आहेत ना मावशी, म्हणून नाही आणलं. तू पिशवी माझ्या हातात दिलीस, पोरीले दे म्हणालीस. ते शिंगाडे मी दुसऱ्या दिवशी नदीवर नेऊन तिच्याजवळ ठेवले. निदान तेवढं तरी तू सांगितल्यासारखं केलं.

एकदा सुटलं ते सुटलं. पुढच्या मंडळीत तेच, त्याच्या पुढच्या मंडळीत तेच. लोक हात जोडून आम्हा तिघांसाठी प्रार्थना करत होते आणि आम्ही मान खाली घालून आमेन म्हणत होतो. जीवन रोज पहाटे नदीवर जातो. परवा तुमच्या पाळकांचा फोन आला की रविवारी मंडळी टीनावरही हात ठेवून प्रार्थना करणार आहे, तिच्यासाठी लहान खुर्ची मांडतो. जीवन म्हणाला, सांगू की शाळेचं वर्ष संपल्यावर मागून येईल. हा माणूस खोटारडा नाही मावशी, मला शपथेवर माहीत आहे. पण त्या क्षणी मला त्याची किळस आली, आणि माझीही.

तरी मी गप्पच राहिले असते. खरं सांगते, विमानात बसले असते. पण काल संध्याकाळी धनराजच्या फोनवरून तुझा आवाज आला. तू माफी मागायला फोन केला होतास. म्हणालीस, पाय मोडल्यापासून तलावावर जाणं नाही, तांदूळ पुरत नाही, म्हणून तुमच्या दोघायच्या मुठी महिनाभरापासून बंद केल्या, राग नोको धरजो, तुम्ही मोठे आहात. पण लेकराची मूठ बंद नाही केली बाई, थे चालूच हाये, येक टाइम जेवते पण थे काढतेच. मी हूं म्हटलं आणि फोन ठेवला. मग चुलीपुढे बसून ओरडून रडले, सासूबाई धावत आल्या.

म्हणून हे पत्र. टीना गेली, मावशी. दोन नोव्हेंबरला गेली. ती मूठ आता काढू नको. डब्यात तिच्या वाट्याचे जेवढे तांदूळ असतील ते चर्चमध्ये आणू नको, आजच शिजव आणि पोटभर जेव, दोन्ही टाइम. रविवारी मी येणार आहे, जीवन आला तर त्याच्यासोबत, नाही तर एकटी. पाळकांना ती लहान खुर्ची उचलायला सांगू नको, ती रिकामी असू दे, मी तिच्याजवळ उभी राहून सगळ्यांना सांगेन. पण त्याआधी तुझ्या दारात येईन. तू मला आत घेशील की नाही हे तुझं तू ठरव. फक्त एक कर. दारात पुन्हा तसंच विचार, माही पोरगी कुठी आहे म्हणून. या वेळी मी उत्तर देईन.

तुझीच,
रत्ना