बिग कॅसचा वाकडा डोळा

मी लिडिया बोर्तोला, वय एकोणतीस, शीतयंत्रांची दुरुस्ती करणारी, राहणार इनिसफेल, क्वीन्सलँड, ऑस्ट्रेलिया. तब्येत ठणठणीत आहे, डोकं ठिकाणावर आहे, आणि मला कोणीही भरीला पाडलेलं नाही. अमोनियाच्या नळ्यांवर काम करते, म्हणून वेळेत लिहून ठेवते. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. नदीकाठचं घर भाऊ रेन्झोला. मागची पायरी कुजली आहे. त्याला तीन वेळा सांगून झालं.

२. माझी हत्यारं, गेज आणि व्हॅक्यूम पंप मी शिकले त्या तंत्रशाळेला. बँकेतली शिल्लक क्रमांक ३ मधल्या यंत्राच्या देखभालीसाठी.

३. बिग कॅस आइस्क्रीमचे अठ्ठेचाळीस साचे आणि गोठवण्याचं यंत्र आत्या पिना बोर्तोलाला, तिच्यानंतर रेन्झोच्या मुलींना. मेलबर्नच्या एका कंपनीला हे साचे हवे आहेत. डोळा यंत्राने, सरळ बसवू म्हणतात. कितीही पैसे देऊ केले तरी विकू नयेत. कारण लिहिते.

बिग कॅस म्हणजे काडीवरचा, आइस्क्रीमचा कॅसोवरी, इकडचा शहामृगासारखा पक्षी: व्हॅनिला, निळा गळा, डोळ्याच्या जागी च्युइंगगमची गोळी. गावचा कारखाना बंद पडेपर्यंत एकतीस वर्षं ती गोळी आत्याने हाताने बसवली, आणि ती कायम चोचीकडे सरकलेली. व्यवस्थापक केन प्राउस येता-जाता म्हणायचा, “पिना, चष्मा लाव की जरा! पक्षी प्यायलेला दिसतोय.” एकदा लेखी ताकीदही दिली.

साचे मी यंत्रासकट भंगारातून उचलले. यंत्र चालू करायला दोन वर्षं गेली. डोळा मी अचूक जागी बसवला. ही चूक माझी. पहिल्या शनिवारी बाजारात एका बाईने कागद सोडला आणि कॅस मला परत दिला. “हा कोण गं? आमचा कॅस कुठाय?” एकशेवीसपैकी नऊ खपले.

मग लोकांकडून लहानपणीचे फोटो मागवले. बावीस फोटोंत हातात कॅस होता. काडीची रुंदी दहा मिलिमीटर धरून मोजलं: प्रत्येकात डोळा चोचीकडे सहा मिलिमीटर. आत्याला विचारलं, तर ती हसत सुटली.

“अगं पोरी, माझा हात तेवढाच पुरायचा! यंत्राचा सरकता पट्टा रुंद, मी बुटकी. उभं राहायला खोका मागितला, तर केन म्हणाला, उंच टाचा घाल.”

पुढच्या खेपेला आत्या स्वतः पट्ट्याशी उभी राहिली, खोक्याशिवाय. बाजारात चारशे कॅस सकाळी दहाच्या आत संपले. भर उन्हात रांगेत केनही होता. आत्याने त्याच्या हातात कॅस ठेवला.

“नीट बघ हं केन. वाकडाच आहे ना?”

“वाकडाच,” तो म्हणाला. “अगदी बरोबर.”

म्हणून अट: डोळा हातानेच बसवावा, सहा मिलिमीटर चोचीकडे. खोका देऊ नये.

४. केन प्राउस याला काहीही नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, म्हणूनच त्याला साक्षीदार केलं आहे. क्रमांक ३ त्याने आत्यासमोर मोठ्याने वाचला. टाचांच्या ओळीवर थांबला. आम्ही थांबलो. मग त्याने तीही वाचली.

इनिसफेल, १४ नोव्हेंबर २०२४

(सही) लिडिया बोर्तोला

दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या:

(सही) मोनिका हार्टिगन, टपाल कचेरी
(सही) केन प्राउस, निवृत्त व्यवस्थापक. चष्मा लावून.