एकसष्टावा चेंडू

२ मार्च, रविवार

ती पहिली. मी दुसरा!

मास्तरांनी मंडळाच्या मशीनांची रांग कागदावर काढून आणली आणि भिंतीला चिकटवली. कागद तिरका लागला, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही. जन्मभर भूमिती शिकवली या माणसाने.

अकरा वर्षं मी दुसराच आहे. पण तेव्हा पहिले मास्तर होते. त्यांनीच मंडळ काढलं, त्यांच्या पुढे कोण जाणार? या वर्षी म्हणाले, "मी मशीन मांडणार नाही. वय झालं." मनात म्हटलं, आली पाळी. आणि मास्तर म्हणतात, "पहिल्या जागी चष्मेवाली."

चष्मेवाली म्हणजे चष्म्याच्या दुकानात नोकरी करते ती. मंडळात येऊन तिला सात महिने झालेत. सात! माझ्या ड्रॉवरमधले स्क्रू-ड्रायव्हर तिच्यापेक्षा जुने आहेत.

बेकरीवाल्याने टाळ्या वाजवल्या. बसवालीनेही वाजवल्या, ती तर स्टिअरिंग सोडून कशालाही वाजवेल. मीही वाजवल्या. दोन.

४ मार्च, मंगळवार

सासूबाई राहायला आल्यात. विचारलं, "जावईबापू, रविवारचे जाता कुठे तुम्ही?"

नीट समजावून सांगितलं. खेळण्यातल्या प्लास्टिकच्या विटा असतात. त्यांच्याबरोबर मोटर मिळते, सेन्सर मिळतो, आणि एक जाडजूड वीट मिळते तिला आम्ही मेंदू म्हणतो — तिच्यात प्रोग्राम भरायचा. ज्याने त्याने आपलं मशीन करायचं. वर्षातून एकदा वाचनालयाच्या हॉलमध्ये सगळी मशीनं ओळीने लावायची. डावीकडच्या मशीनकडून चेंडू घ्यायचे, उजवीकडच्याला द्यायचे. शेवटच्याने टोपलीतून पुन्हा पहिल्याकडे. एकही चेंडू जमिनीवर पडता कामा नये. गोंद लावायचा नाही, वीट कापायची नाही, रंगवायची नाही.

"आणि मग?"

"मग परत."

सासूबाई म्हणाल्या, "आणि हे सगळं मोठी माणसं करतात?"

बायकोला हसू आवरेना. मग मी तिला पहिल्या जागेचं सांगितलं. वाटलं, निदान ही तरी माझी बाजू घेईल. तर म्हणते, "म्हणजे मास्तरांनी तुमच्यावर सवत आणली म्हणा की!" सासूबाईंसमोर!

९ मार्च, रविवार

मास्तरांकडे गेलो, नेहमीसारखा, दहा वाजता. रविवारी दहाला मी आणि मास्तर — हे किती वर्षांचं आहे. दारात तिच्या चपला.

टेबलावर विटांचा ढीग. ती रंगाप्रमाणे वेगळ्या करत होती आणि मास्तर खुर्चीत बसून सांगत होते. मी हाक मारली तशी दोघंही गप्प झाली. तिने ढिगावर टॉवेल टाकला. टॉवेल!

"ये दंतोपंत," मास्तर म्हणाले. (मी कवळ्या बनवतो म्हणून मंडळात मी दंतोपंत. नाव मास्तरांनीच ठेवलंय.) "आज जरा काम आहे रे. पुढच्या रविवारी ये."

मी माझ्या मशीनचा नवा हात दाखवायला नेला होता. मास्तरांनी हातात घेतला, बोटं फिरवली, "छान फिरतोय" म्हणाले आणि परत दिला. बघितलासुद्धा नाही. पूर्वी चाकाच्या एकेका दात्याकडे भिंग लावून बघायचे.

आणि ती दारापर्यंत सोडायला आली. "काका, चहा तरी घेऊन जा." काका! मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. आणि त्या घरात मला चहा विचारणारी ही कोण?

१० मार्च, सोमवार

आयत्या पिठावर रेघोट्या! दुसरं काही नाही.

१४ मार्च, शुक्रवार

वर्कशॉपमध्ये एका वरच्या कवळीचे दोन दात उलटे बसवले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. सगळं खरवडून पुन्हा केलं. शेजारच्या टेबलावरचा जोडीदार म्हणाला, "कुणावर दात ठेवलाय?" त्याला वाटतं तो फार विनोदी आहे.

ठेवलाय. ठेवलाच आहे. इथे लिहायला काय लाज?

मास्तरांचं माझ्यावर प्रेम होतं असं मला वाटत होतं, आणि आता नाही असं वाटतंय. एवढंच आहे ते. या वयाच्या माणसाने असं काही लिहावं हेही हास्यास्पद आहे, पण आहे ते आहे.

२३ मार्च, रविवार

गेल्या रविवारी गेलोच नाही. आजही नाही. म्हटलं, बघू कुणाला आठवण येते का.

कुणाला आली नाही.

३० मार्च, रविवार

मंडळाची शेवटची तालीम. तिचं मशीन पाहिलं.

प्रामाणिकपणे लिहितो, कारण हे पान कुणी वाचणार नाही. मशीन फार सुंदर आहे. वरून लाल, पिवळे, निळे चेंडू मिसळून पडतात. सेन्सर एकेकाचा रंग ओळखतो, छोटी फळी त्याला आपापल्या घसरगुंडीत ढकलते, आणि खालून ते ओळीने निघतात — लाल, पिवळा, निळा, लाल, पिवळा, निळा. आवाजसुद्धा नाही. असा तोल मी फक्त मास्तरांच्या मशीनमध्ये पाहिलाय. म्हणजे सगळं शिकवून मोकळे झाले! मला जे द्यायला त्यांना अकरा वर्षं लागली, ते हिला सात महिन्यांत.

चुका शोधत बसलो. एक सापडली. माझ्या बाजूला एक जास्तीचं दार आहे, बोटाएवढं. त्याला मोटर जोडलीय, पण तासाभरात ते एकदाही उघडलं नाही. विचारलं, "हे कशाला?" तर गोरीमोरी झाली, "असंच" म्हणाली. असंच! मोटर काय असंच लावतात? मला फार बरं वाटलं.

मग दुसरी सापडली, आणि ही खरी. सेन्सरला टोपी नाही.

नऊ वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. घरच्या दिव्याखाली सेन्सरला रंग शिकवले आणि हॉलमध्ये मशीन वेड्यासारखं वागायला लागलं. वाचनालयाच्या हॉलला पूर्वेकडे मोठी खिडकी आहे. अकराच्या सुमारास ऊन बरोबर पहिल्या दोन टेबलांवर येतं. तेव्हा मास्तर माझ्या शेजारी गुडघ्यावर बसले होते. "जास्त उजेडाने आंधळा होतो रे तो. काळ्या विटांची टोपी घाल त्याला. आणि जिथे चालवायचंय तिथेच रंग शिकव." मग सगळ्यांसमोर म्हणाले होते की ज्याला माहीत आहे त्याने नव्याला सांगायचं, न सांगणं म्हणजे दुसऱ्याची वीट खिशात घालणं. तेव्हापासून तो मंडळाचा नियमच झाला.

हिला मास्तरांनी हे कसं सांगितलं नाही?

५ एप्रिल, शनिवार

हॉलमध्ये मांडामांड. संध्याकाळ होती, खिडकीत ऊन नव्हतं. तिचं मशीन तुपासारखं चाललं.

सगळे गेल्यावर ती माझ्याजवळ आली. "काका, तुम्ही जुने आहात. एकदा बघता का? काही राहिलंय का माझं?"

मी वाकून बघितलं. सेन्सर उघडाबोडका. खिशात हात घातला तर दोन-तीन काळ्या विटाही होत्या, असतातच माझ्याकडे.

"छान आहे," म्हटलं. "काही राहिलं नाही."

घरी आलो. मूग गिळून बसलो म्हणतात तसंही नाही हे. मी चक्क खोटं बोललो.

६ एप्रिल, रविवार

झालं. मी म्हटलं तसंच झालं.

दहाला लोक आले. मास्तर कोपऱ्यात खुर्चीवर, बसवालीच्या हाताला धरून आले होते. फार थकलेत. दर वर्षी ते खिशातून पांढरा चेंडू काढतात, पहिल्या मशीनमध्ये सोडतात आणि मग रांग सुरू होते. सगळ्या चेंडूंत पांढरा तो एकच. ज्याच्याकडे पांढरा चेंडू, त्याची पहिली जागा — मंडळात हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. आज त्यांनी तो काढलाच नाही. "करा सुरू," एवढंच म्हणाले. मी समजलो. तिला आधीच देऊन झालाय.

मी तिच्याकडून येणारे चेंडू मोजत होतो. वीस. चाळीस. खिडकीतलं ऊन जमिनीवरून टेबलाच्या पायावर, पायावरून टेबलावर. साठ. एकसष्टावा चेंडू पिवळा होता. फळीने तो लालमध्ये ढकलला. त्यामागचा निळा पिवळ्यात. मग घसरगुंडी तुंबली, आणि चेंडू जमिनीवर. टप, टप, टप. लहान मुलं धावली. ती गुडघ्यावर बसून गोळा करायला लागली. चेहरा लालबुंद. दोनदा पुन्हा चालू केलं, दोनदा पुन्हा तुंबलं.

शेवटी बेकरीवाला म्हणाला, "दंतोपंत, तुम्ही सरका पुढे." मी सरकलो. माझं मशीन पहिलं. पाच वाजेपर्यंत एक चेंडू पडला नाही. टाळ्या झाल्या.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

फक्त मास्तर. ते खुर्चीतून सारखे विचारत होते, "काय झालं? कुठे अडकलं? ऊन आलं का?" मग म्हणाले, "टोपी! टोपीचं विचारायचंच विसरलो मी. माझीच चूक." आणि ती म्हणते, "नाही सर, माझी." दोघं एकमेकांची चूक वाटून घेत होती. तिसरा मी, डबा बंद करत होतो.

७ एप्रिल, सोमवार

बायकोने विचारलं, "पहिली जागा मिळाली ना? मग जेवण का जात नाही?"

१० एप्रिल, गुरुवार

चष्म्याची काडी मोडली. दुसऱ्या दुकानात जाता आलं असतं. गेलो तिच्याच.

तिने काडी बसवून दिली. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. मग काउंटर पुसता पुसता म्हणाली, "माझ्यामुळे सरांचं शेवटचं मशीन वाया गेलं, काका."

"सरांचं?"

"तुम्हाला अजून नाही सांगितलं त्यांनी?" तिचे डोळे भरून आले. "डोळे तपासायला आमच्याकडे आले होते. लाल-पिवळा कळेनासा झालाय त्यांना. आता माणसंही आवाजावरून ओळखतात. आम्ही चष्मा देऊन उपयोग नाही म्हटलं, तर म्हणाले, मग तू मंडळात ये. सगळं त्यांनीच ठरवलं, एकेक दाता. मी नुसती त्यांचे हात होते."

तिरका कागद. भिंगाशिवाय परत दिलेला माझा मशीनचा हात. सगळं समोर होतं आणि मी बघत होतो तिच्या चपला! डोळे कुणाचे गेलेत?

आणि तरीही — हेही लिहून ठेवतो — माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, "मग तुझेच हात का? माझे का नाही? मी दिवसभर दात बसवतो!"

ती गोंधळली. "सरांनीच बजावलं होतं. दंतोपंताला यातलं काही कळता कामा नये."

कळता कामा नये. का? अकरा वर्षांत मी काय वाकडं केलं होतं त्यांचं? केलं ते नंतर.

काडी घट्ट बसलीय. पैसे घेतले नाहीत तिने.

१३ एप्रिल, रविवार

मास्तरांचा फोन आला होता. "ते मशीन सुटं करायचंय रे. त्या मुलीला बघवत नाही, मला दिसत नाही. तू ये."

दहाला गेलो. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. मास्तर आत चहा टाकायला गेले, भिंतीला हात लावत. मी विटा सोडवायला लागलो. वरची पेटी, फळी, सेन्सर. मग ते जास्तीचं दार. मागे एक छोटी कोठडी होती. तिच्यात पांढरा चेंडू.

मेंदू चालू करून प्रोग्राम बघितला. शेवटची ओळ: शंभर चेंडू झाले की दुसरं दार उघड.

माझ्या बाजूचं.

"सापडला का रे?" मास्तरांनी आतून विचारलं.

एकोणचाळीस चेंडू राहिले होते.