डाव्या टोकाचा माणूस

पोंभुर्णा,
मंगळवार, सकाळी

गडचिरोली सायकल संघाचे संघनायक श्रीमान सुरेंद्रजी यांस, पोंभुर्णा सायकल संघाचे संघनायक (गेली अकरा वर्षे, खंड न पडता) घनश्याम याचा नमस्कार.

आपण माझे साळे. गेल्या संक्रांतीपर्यंत मी आपल्याला सुऱ्या म्हणत होतो आणि आपणही ओ देत होता. परंतु आता आपण दुसऱ्या संघाचे नायक झालात, तेव्हा एका नायकाने दुसऱ्याला अहोजाहो करणे बरे दिसते. आपल्या गुडघ्यांची प्रकृती कशी आहे? आपल्याकडे खेळाडूंना दोन वेळ अंडी मिळतात आणि पाय चोळायला स्वतंत्र माणूस आहे, असे ऐकतो. आनंद वाटला. (इथे माझे पाय मीच चोळतो.) इकडे तसे सर्व ठीक आहे. फक्त चंद्रपूर-गडचिरोली शर्यत झाल्यापासून आपल्या बहिणीने मला बावीस दिवस लाखोळीची डाळ वाढलेली आहे. ढिवराच्या घरात, तलाव दोनशे पावलांवर असताना, शेजारी मरळ तळल्याचा वास येत असताना, डाळ. मी विचारले तर म्हणाली, "माह्या भावाले तुमीच घालवलं. आता तुमीच आणा." हे पत्र त्यासाठी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आपण माझा नंबर बंद करून ठेवल्यामुळे ते गडचिरोली गाडीच्या कंडक्टरसाहेबांच्या हाती देत आहे. ते वाचल्याशिवाय देणार नाहीत, म्हणून त्यांनाही नमस्कार.

आता मुद्द्याचे. आपल्यात जे झाले त्याची सुरुवात लोक मूल गावच्या शर्यतीपासून धरतात. मी ती माझ्या लग्नापासून धरतो. मैनाची पाठराखण म्हणून आपण बारा वर्षांचे असताना आमच्या घरी आलात. पाठराखण पाच दिवसांची असते. आपण चौदा वर्षे राहिलात. माझी काही तक्रार नव्हती, उलट तलावात जाळे ओढताना डाव्या टोकाला भरवशाचा माणूस मिळाला. मधे मी, उजवीकडे अतुल-सुनिल हे दोघे भाऊ, आणि डावीकडे आपण. (डावीकडे गाळ जास्त. तिथे उभे राहायला कुणी तयार नसते. आपण कधी कुरकुर केली नाही, हे मी कबूल करतो.) पुढे भातगिरणीच्या सेठने पगारी संघ काढला, तेव्हा त्याने आम्हालाच उचलले, कारण बर्फ वितळायच्या आत मासळीच्या टोपल्या सायकलवर चंद्रपूरला पोहोचवून आमच्या मांड्या आधीच तयार झालेल्या होत्या. वयाने मोठा म्हणून नायक मी झालो. नायकाचे काम सोपे नसते. लोकांना वाटते तो सगळ्यात जोरात सायकल चालवतो. तसे नाही. नायकाने वारा खायचा नसतो. बाकीच्यांनी पुढे राहून वारा खायचा, पाण्याची बाटली आणून द्यायची, आणि नायकाने शेवटच्या दोन किलोमीटरपर्यंत त्यांच्या मागच्या चाकाला चिकटून दम राखायचा. मी अकरा वर्षे दम राखला. तो इतका राखला गेला की बराचसा अजून शिल्लक आहे.

मूलच्या शर्यतीत पाणी आणायची पाळी आपली होती. आपण गाडीतून बाटली घेतली, माझ्याजवळ आलात, माझ्याकडे पाहिलेत, आणि ती बाटली स्वतः पिऊन पुढे निघून गेलात. तहान कुणालाही लागते, मी समजू शकतो. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीवर वाळत घातलेली नायकाची लाल जर्सी आपल्या अंगात निघाली, तेव्हा मी बोललो. मी काय बोललो ते तुला माहीत आहे (पाहा, 'आपण' म्हणायचे ठरवले होते आणि हातून 'तू' लिहिले गेले, आता राहू दे). मी म्हणालो की हे घर माझे, जाळे माझे आणि जर्सीही माझी. तू जर्सी काढून घडी करून ठेवलीस आणि आठ दिवसांनी गडचिरोलीशी करार केलास. बहिणीला सांगितलेस. मला मात्र ते फोनवरच्या सायकल गटात तुझा फोटो आला तेव्हा कळले. फोटोत तुझ्या अंगात हिरवी जर्सी होती. तुला हिरवा रंग शोभत नाही, हे मी कुठल्याही रागाशिवाय सांगतो. मग भाऊबीज आली. मैनाने पाट मांडला, ताट सजवले, आणि दुपारी फोनवर तुझ्याकडून निरांजनाचे चित्र आले. ती ते चित्र संध्याकाळपर्यंत पाहत बसली. ओवाळायचे कोणाला, म्हणून शेवटी ताट तिने पाटासमोरून उचलून ठेवले. त्या दिवशी मलाही जेवण गेले नाही, पण ते तब्येतीमुळे असू शकते.

असो. चंद्रपूर-गडचिरोली शर्यतीत काय झाले ते सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे, तरी माझी बाजू ऐक. तुझ्या जागी आम्ही इसरूला घेतले. जंगलातल्या गावचा पोरगा, मोहफुले वेचून पाय झाले आहेत लोखंडाचे, बोलणे जवळजवळ नाही. त्याला पाणी आणायचे काम दिले. तो मुकाट्याने आणायचा, मागितले नसतानाही आणायचा, त्यामुळे सावली गावापर्यंत मला तीन वेळा सायकलवरून उतरावे लागले. आमच्या व्यवस्थापक रोशनी मॅडम शाळेत कवायत शिकवतात. त्यांनी शिट्टीच्या खुणा ठरवल्या होत्या, एक म्हणजे पुढे व्हा, दोन म्हणजे थांबा. पण आमची मंडळी शिट्टी ऐकली की कवायतीसारखी ताठ बसतात, आणि ताठ बसलेल्याला वारा जास्त लागतो. म्हणून मी शर्यतीत तलावातल्याच हाळ्या देतो. ओढा म्हटले की सगळे जोर लावतात. टोक आवर म्हटले की टोकाचा माणूस जिथे असेल तिथे थांबतो आणि मध्याकडे येतो, नाहीतर जाळ्याचे तोंड फाकते आणि मासळी निघून जाते. त्यात विचार करायला वेळ नसतो. पाय आपोआप थांबतात.

तर वैनगंगेचा पूल. शेवटची रेषा पलीकडे एका किलोमीटरवर. तू पन्नास हात पुढे, तुझे चार गडी तुझ्यामागे, त्यांच्यामागे आम्ही. नदीवरून आडवा वारा. अशा वेळी माझ्या तोंडून टोक आवर अशी हाळी गेली. आणि तू, गडचिरोलीचा नायक, जिंकायला दीड मिनिट उरले असताना, करकचून ब्रेक दाबलास. मग मागे आलास, आणि माझ्या डाव्या हाताला येऊन लागलास. नायक थांबला म्हणून तुझे चारही गडी थांबले. अतुल-सुनिल उजवीकडे सरकले. आपण सगळ्यांनी एका रांगेत, कठड्यापासून कठड्यापर्यंत, ज्या गतीने जाळे ओढतात त्या गतीने पूल ओलांडला, आणि मागचे सतरा सायकलवाले आपल्यामागे कोंडून ओरडत राहिले. तू माझ्याकडे पाहत नव्हतास. मीही नाही. पण त्या पुलावर वर्षभरात पहिल्यांदा मला जरा बरे वाटले. (हे वाक्य मैनाला वाचून दाखवू नये.)

एकच माणूस थांबला नाही. इसरूने जन्मात जाळे ओढलेले नाही. माझ्यासाठी दोन बाटल्या घेऊन तो मागून आला, रांग जुळायच्या आत डाव्या कठड्याजवळून निघाला, मी त्याच्या पुढेच असणार असे समजून मला शोधत पुढे गेला, आणि जिंकला. आम्ही पोहोचलो तेव्हा तो हार घालून बाटल्या हातात धरून उभा होता. मला म्हणाला, "भाऊ, तुमी थांबले काऊन? मले वाटलं मागं काई पडलं." हा त्याचा यावर्षीचा सगळ्यात मोठा संवाद.

आता तुझ्या संघाचे मालक म्हणतात की तू माझ्याशी संगनमत करून शर्यत सोडलीस, आणि तुझे नायकपद काढायचा त्यांचा विचार आहे. स्पर्धा समितीने आपल्या दोघांचे लेखी जबाब मागितले आहेत. माझा उद्या सकाळी आहे. मी लिहिणार आहे की हाळी सवयीने तोंडून गेली, ती फक्त अतुल-सुनिलसाठी होती, आणि तूही सवयीनेच थांबलास. तूही हेच लिहावे, म्हणजे दोन्ही नायकांची पदे राहतील. एवढ्याच कामासाठी हे पत्र. बाकी माझा तुझ्याशी संबंध नाही.

रोशनी मॅडमनी नमस्कार सांगितला आहे. इसरूनेही सांगितला असावा, कारण तो माझ्याकडे पाहून मान हलवून गेला.

तुझा (नात्याने, इच्छेने म्हणायचे की नाही ते ठरायचे आहे)
घनश्याम

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी मैनाने वाचले. म्हणाली, "इतकं लिवलं, पन जे लिवाचं ते लिवलंच नाई." आजही डाळच होती.

ता. क. २. बुधवार, दुपार. कालची गाडी चुकली, पत्र अजून खिशातच आहे. जबाब देऊन आलो. तिथे गेल्यावर कागदावर वेगळेच लिहिले गेले. सुऱ्या, मी पुलावर नुसते टोक आवर म्हणालो नव्हतो. डावं टोक आवर म्हणालो होतो. आमच्यात डावीकडे कुणी नाहीच, हे तुलाही माहीत आहे. तू पुढे जाताना दिसलास आणि मी तुलाच हाक मारली. जाणूनबुजून, असे मी सहीनिशी लिहून दिले. तुझा दोष नाही असे समितीने मानले, तुझे नायकपद राहिले. मला एक वर्ष सायकलवर बसायला बंदी आहे. बाटल्या भरायला बंदी नाही, हे मी तिथल्या तिथे विचारून घेतले. आमचा नायक आता इसरू. त्याला पाणी फार लागते.

ता. क. ३. लाल जर्सी इसरूला घट्ट होते, म्हणून ती तुझ्या खुंटीवर तशीच आहे. येत्या रविवारी मोठा तलाव ओढायचा आहे. डावीकडे अजून कुणाला उभे केलेले नाही. या वेळी मी हाळी देणार नाही. तुझा तू ये. आलास तर मैना मासळी रांधेल, आणि एखादा तुकडा मलाही मिळेल.