आत घेतलेली चार वर्षं

१० मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तिसरा महिना सरत आला. ओकाऱ्या थांबल्या, आता औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहू शकते. परवा सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागची जागा मोजली, रक्त घेतलं. बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता त्यावरून काढतात. आज आकडा आला, साडेपाचशेत एक. अडीचशेच्या आत असता तर पुढची तपासणी करावी लागली असती. सुटले बाई!

फॉर्म ह्यांनीच भरला, मोत्यासारख्या अक्षरात. वय चौतीस. मी मान खाली घालून सही केली. हसशील मेले.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ठमी

१५ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

हसतेय कसली, हातातली कात्री गळली. अगं शहाणे, तो आकडा वयावरूनच निघतो ना? माझ्याकडे कपडे शिवायला येणाऱ्या नर्सबाईंना आडून विचारलं. त्या म्हणाल्या, वय चुकलं की आकडा चुकला. तू अडतिसाची आहेस. लग्न जमेना म्हणून तुझी चार वर्षं मीच आत घेतली, शिवणीत कापड घ्यावं तशी. पाप माझं. पण उद्याच्या उद्या डॉक्टरीणबाईंना गाठ आणि खरं सांग. मूल कसंही असो, आपलंच. पण आईबापाला आधी कळायला नको?

जिवाला जप.
तुझी,
ताई

२१ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला सांगायला काय जातंय! दर वेळी हे सोबत असतात, फाईलही त्यांच्याच हातात. आकडा बदलला की का ते विचारणारच. सासूबाई आल्यागेल्याला सांगतात, सून मुलापेक्षा दोन वर्षांनी लहान. आहे मी दोन वर्षांनी मोठी. सात वर्षं निभावलं, आता भरल्या पोटी घर मोडू? नशिबात असेल ते होईल.

तू गप्प बस. तुला माझी शपथ.
तुझी,
ठमी

२६ मार्च

श्री. जावईबापूंस,
स. न. वि. वि.

शपथ मोडून लिहिते आहे. ठमीचं वय चौतीस नाही, अडतीस आहे. लग्नाच्या वेळी खोटं मी सांगितलं, तिला गप्प मी बसवलं. तपासणीचा आकडा पुन्हा काढून घ्या. राग माझ्यावर काढा, तिच्यावर नको.

आपली,
थोरली मेहुणी

४ मे

ताईस,

नवा आकडा दोनशे तिसात एक आला. मग पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी तपासायला काढलं. काल रिपोर्ट मिळाला. बाळाला डाउन सिंड्रोम नाही. आनंद व्हायला हवा होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंसमोर हे माझा हात धरून बसतात. घरी बोलत नाहीत. काल एवढंच विचारलं, आणखी काय काय खोटं आहे. सासूबाई पाहुण्यांसमोर मला अहो-जाहो करतात.

तू केलंस ते बरोबर होतं, कळतं मला. बाळासाठी ते मीच करायला हवं होतं. पण माझं तोंड सात वर्षांपूर्वी तू बंद केलंस आणि आता माझ्या वतीने तूच बोललीस. दोन्ही वेळा मला विचारलं नाहीस.

बाळंतपणाला येऊ नकोस.

ठमी