सिपोराचा दगड आणि मधलं पाणी

मेहुणे अबिया यांस,

साईबाई बेटावरून ओबेदचा मानाचा सलाम. सकाळी तुमच्या चुलीचा धूर दिसला, त्यावरून तुम्ही हयात आहात आणि वहिनींनी अजून तुम्हाला घराबाहेर काढलेलं नाही, एवढं कळलं. गुडघे कसे आहेत? माझे जागेवर आहेत, फक्त वाकत नाहीत.

तुमची बहीण जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या कबरीचा दगड बार्जवरून येऊन आठ महिने झाले, तो अजून कापडात गुंडाळलेलाच उभा आहे. भाऊ आल्याशिवाय कापड निघत नाही आणि कापड निघाल्याशिवाय माझा दुखवटा संपत नाही. आणि तुम्ही गावभर सांगत सुटलात की ओबेद कवडीचुंबक आहे, जेवण घालावं लागेल म्हणून बोलावतच नाही. (हे तुमची धाकटी सून खेकडे घेऊन आली तेव्हा तिने सांगितलं. तिच्यावर रागावू नका, तिने निम्मंच सांगितलं असणार.) तेव्हा आता माझी बाजू ऐका.

दोष पाण्याचा आहे. आमच्या देशाची खरी जमीन इथून दीडशे किलोमीटर, तुमचा पापुआचा किनारा चार. बेटाभोवतीचं तीन मैल पाणी आमचं, असं कागदावर आहे. पण तीन मैल मोजत गेलं तर तुमच्या स्वयंपाकघरातून परसात जावं लागतं, म्हणून मोठ्या लोकांनी मध्येच रेघ ओढली. (ती मी आयुष्यभर शोधतोय. एकदा जाळ्याला काहीतरी जड लागलं, वाटलं तीच. ओंडका निघाला.) नात्यागोत्याच्या कामाला पासपोर्ट लागत नाही, ही मेहरबानी. पण तुम्हाला इकडे यायला आमच्या बेटाच्या कौन्सिल सदस्याच्या सहीची चिठ्ठी लागते, आणि आमचा सदस्य कधी मीटिंगला, कधी दातदुखीत.

शेवटी मार्चमध्ये मीच तुम्हाला समजावायला निघालो. निम्म्या वाटेत इंजिन बंद पडलं. ओहोटी लागलेली, होडी चिखलात बसली, मी होडीत बसलो. तासाभराने गस्तीची बोट आली. त्यातला कोवळा अधिकारी भोंग्यावरून विचारतो, "आजोबा, कोणाच्या हद्दीत आहात?"

म्हटलं, "बाळा, भरतीला तुझ्या, ओहोटीला मेहुण्याच्या."

"आणि आत्ता?"

"आत्ता चिखलात. खायला काही आहे का?"

बिचाऱ्याने बिस्किटं दिली आणि पाणी चढल्यावर दोर बांधून मला घरी ओढत आणलं. सगळं बेट किनाऱ्यावर जमलेलं. माझी बहीण सगळ्यांसमोर म्हणाली, "बायकोच्या माहेरी निघाला होता, हात हलवत परत आला." पुढे जूनमध्ये जेवणासाठी कासव मिळालं नाही, ऑगस्टमध्ये वारा. यात माझा काय दोष, तुम्हीच सांगा.

वहिनींना सलाम, नातवंडांना आशीर्वाद.

आपला,
ओबेद

ता. क. चिठ्ठीवर फेब्रुवारीतच सही झाली होती. मार्चमध्ये ती माझ्या खिशात होती. त्यानंतर तुमची सून तीनदा येऊन गेली, तिच्याबरोबरही दिली नाही. काल तारीख बदलून घेतली, ती सोबत जोडली आहे.

आणखी ता. क. इंजिन बिघडलं नव्हतं, मीच बंद केलं. तुमचं घर दिसायला लागलं तेव्हा. तुम्ही आलात की कापड निघणार, लोक जेवणार, नाचणार, आणि दुसऱ्या दिवसापासून सिपोरा गेली असं मलाही म्हणावं लागणार. अजून मी रोज संध्याकाळी तिथे जाऊन तिच्याशी भांडतो. फार आठवण येते हो तिची.

शेवटचा ता. क. शनिवारी या. नारळाच्या दुधातली रताळी तुमच्यासाठी वेगळी काढून ठेवतो. पत्र सुनेच्या हाती देतोय. मी किनाऱ्यावरून कितीही हाका मारल्या तरी मागे वळू नको, असं तिला बजावलंय. कापड ओढाल तेव्हा माझा हात धरा. लोकांना आपण सांगू, मी तुम्हाला सावरत होतो.