खुर्ची वरच का जाते

चि. धाकट्या डॉक्टरास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. परिषदेत जेवण वेळेवर घेत जा आणि भाषणं चालू असताना डुलक्या काढू नकोस; दंतवैद्य तोंड उघडं टाकून झोपलेला बरा दिसत नाही. माझा गुडघा ठीक आहे. तुझ्या सासूबाईही ठीक आहेत. त्या ठीक का नसाव्यात असं तुझ्या मनात येईल, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझ्या दवाखान्यातल्या खुर्चीचं जळलेलं सर्किट नवीन करून देण्याचं मी कबूल केलं होतं. काम आम्ही दोघींनी वाटून घेतलं. बटणं, दिवा, खुर्ची किती उंचीवर आहे ते लक्षात ठेवणं, हे सगळं सूनबाईने सी भाषेत लिहिलं. मोटर फिरवायचा तुकडा मात्र मी असेंब्लीत लिहिला, कारण मोटरला ठोके वेळच्या वेळी द्यावे लागतात आणि सी म्हणजे (हे माझं मत, तिचं नव्हे) पाणी मागितलं तर आधी गार की साधं ते विचारत बसणारी भाषा. असेंब्लीत थेट चिपला हुकूम सोडायचा. लिफ्टच्या कारखान्यात मी जन्मभर हेच केलं आणि एकही लिफ्ट छत फोडून बाहेर गेली नाही.

चाचणीला कुणीतरी बसायला हवं होतं. तेवढ्यात तुझ्या सासूबाई कवळी घट्ट करून घ्यायला आल्या (तू गावाला गेलास हे त्यांना कळवलं नव्हतंस, ही चूक तुझी). त्यांना बसवलं. बटण दाबताच खुर्ची छान वर गेली. मग आणखी वर गेली. मी प्लग उपटला तेव्हा त्यांचा अंबाडा दिव्याला टेकला होता, आणि खुर्ची तिथेच अडकली. त्यांनी वरून शांतपणे नजर फिरवली आणि म्हणाल्या, "जावईबापूंच्या कपाटावर बोटभर धूळ आहे." स्टूल लावून उतरवलं.

सूनबाईचं म्हणणं असं, की चिपच्या पोटात मोजकेच कप्पे असतात आणि दोन्ही भाषा तेच वापरतात. तिच्या सीने एका कप्प्यात उंची ठेवली होती; माझ्या तुकड्याने तोच कप्पा ठोके मोजायला घेतला आणि आतलं होतं तसं परत ठेवलं नाही. त्यामुळे आपण अजून जमिनीवरच आहोत असं समजून खुर्ची चढत राहिली. "आई, दुसऱ्याचा डबा रिकामा केला तर परत भरून ठेवायला नको का?" मी सांगितलं, लिफ्टमध्ये सगळी चिप माझी होती, तिथे दुसऱ्या कुणाचा डबाच नव्हता. माझ्या ओळींना हात लावायचा नाही. तेव्हापासून ती "बरं" म्हणते, मी "ठीक" म्हणते, आणि माझा मुलगा दोघींच्या मध्ये बसून मान खाली घालून जेवतो. सोमवारी तुझे पेशंट यायचे आहेत, ते वेगळंच.

या पत्राचा फोटो काढून सूनबाई तुला पाठवेल. वाचायचं नाही अशी तंबी दिली आहे. आपल्या घरात दुसऱ्याची पत्रं कुणी वाचत नाही.

स्वेटर घालत जा.

तुझी,
ताई

ता. क. कप्प्यातलं आधी बाजूला काढायचं आणि काम झालं की परत भरायचं, एवढ्या दोन ओळी माझ्या तुकड्यात हव्यात. तू फोन करून तिला सांग, तुझं तुलाच सुचलं म्हणून. (दातांपलीकडचं तुला काही सुचत नाही हे तिला ठाऊक आहे, पण ती मोठ्यांचं ऐकते.) माझं नाव मध्ये येता कामा नये. सोमवारच्या आत.

ता. क. (सूनबाईकडून) मामा, नमस्कार. त्या दोन ओळी मी त्याच संध्याकाळी घातल्या. आज आई भाजी आणायला गेल्या होत्या, तेव्हा तुमच्या सासूबाई येऊन खुर्चीत बसून व्यवस्थित वर गेल्या, कपाट पुसलं आणि व्यवस्थित खाली आल्या. तुम्ही फोन मात्र नक्की करा, आई शेजारी असताना. मी म्हणेन, "अगं बाई, हे मला कसं सुचलं नाही?"